अकरा जण, सगळे आपलेच

११ एप्रिल २०२४ हा गुरुवार होता, म्हणजे कामाचा दिवस. पण स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बिल्बाओ शहरात त्या दुपारी कुणी काम केलं असेल असं वाटत नाही. नेर्व्हियोन नदी समुद्राला मिळण्याआधी तिची लांबलचक खाडी होते. त्या खाडीच्या दोन्ही काठांवर, पुलांवर, गच्च्यांवर, बाल्कन्यांत माणसांची नुसती रेटारेटी होती. अंदाज दहा लाखांचा सांगितला गेला. शहराची स्वतःची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास.

खाडीतून येत होती एक जुनी मालवाहू बार्ज. गोव्यात मांडवी-झुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्ज ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र चटकन येईल. तसाच सपाट, बोजड, काहीसा कुरूप आकार. तिला तिथे 'गाबारा' म्हणतात. एरवी ती सागरी संग्रहालयात बांधलेली असते. त्या दिवशी मात्र तिच्यावर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या कपड्यांतले फुटबॉलपटू उभे होते आणि त्यांच्या हातात कोपा देल रे, म्हणजे राजाचा चषक होता.

स्पेनमधला हा सगळ्यात मोठा चषक नव्हे. मोठा मान लीगचा, त्याहून मोठा युरोपचा. शिवाय या खेळाडूंच्या अॅथलेटिक क्लबने हा चषक त्याआधी तेवीस वेळा जिंकलेला होता. मग दहा लाख माणसं कशासाठी? एक कारण सरळ आहे. गाबारा याआधी १९८३ आणि १९८४ मध्ये निघाली होती, त्यानंतर चाळीस वर्षं नाही. मधल्या काळात क्लबने याच चषकाचे सहा अंतिम सामने गमावले. १९८५ मध्ये एक, २००९, २०१२ आणि २०१५ मध्ये बार्सिलोनाकडून तीन, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तर दोन आठवड्यांत दोन! त्यातला पहिला खरं तर २०२० चा. करोना सरला की प्रेक्षकांसमोरच खेळू, म्हणून दोन्ही संघांनी तो पुढे ढकलून घेतला आणि शेवटी रिकाम्या स्टेडियममध्येच खेळावा लागला. हरवलं कुणी, तर शेजारच्या सान सेबास्तियनच्या रेआल सोसिएदादने. भाऊबंदकीतला पराभव किती झोंबतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

तर बिल्बाओत चाळिशीच्या आतल्या कुणीच गाबारा पाहिलेली नव्हती. घरात ऐकलेली गोष्ट, भिंतीवरचा फोटो, एवढीच तिची ओळख. २०२४ च्या, सेव्हियात झालेल्या अंतिम सामन्याला शहरातून हजारो लोक तिकीट नसतानाही देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मायोर्काविरुद्ध १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टी, त्यात ४-२ असा विजय. आणि मिरवणुकीत बार्ज क्लबच्या मैदानाच्या बाजूला आली तेव्हा खेळाडूंनी पाण्यात लाल-पांढऱ्या पाकळ्या सोडल्या. हा दिवस न बघता गेलेल्यांसाठी.

दुसरं कारण सांगायला जरा वेळ लागतो. त्या बार्जवरचे खेळाडू विकत आणलेले परदेशी तारे नव्हते. शंभराहून अधिक वर्षं हा क्लब फक्त बास्क खेळाडू खेळवतो.

बास्क म्हणजे पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स दोन्हीकडे पसरलेला एक जुना समाज. त्यांची भाषा एउस्कारा. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या जिवंत भाषेशी तिचं नातं अजून सिद्ध झालेलं नाही. त्यांच्या सात पारंपरिक प्रांतांपैकी चार स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. सगळे मिळून जेमतेम तीसेक लाख लोक. तेवढ्या माणसांतून अकरा जण निवडायचे आणि अख्ख्या जगातून निवड करणाऱ्या रेआल माद्रिदसमोर उभे करायचे. १९२९ मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाल्यापासून पहिल्या श्रेणीतून एकदाही न घसरलेले क्लब तीनच आहेत: रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि हा.

हा नियम क्लबच्या घटनेत कलम म्हणून कुठेही लिहिलेला नाही. तिथे याला 'तत्त्वज्ञान' म्हणतात. शब्द जड आहे, पण घरातला रिवाज जसा कुणी लिहून ठेवत नाही तसाच हा प्रकार. प्रशिक्षकांना तो लागू नाही, हेही मजेशीर. इंग्रज, जर्मन, अर्जेंटिनी असे सगळे इथे शिकवून गेले. १९३० आणि १९३१ मध्ये सलग दोन वर्षं लीग आणि चषक दोन्ही जिंकून देणारा फ्रेड पेंटलंड इंग्रज होता आणि डोक्यावर सदैव बाउलर हॅट घालून फिरायचा. १९३१ मध्येच त्याच्या संघाने बार्सिलोनाला १२-१ असं धुतलं. गुरुजी बाहेरचे चालतात, विद्यार्थी घरचे हवेत.

गंमत अशी, की या 'फक्त आपल्या' क्लबचं सुरुवातीचं जवळपास सगळं सामान बाहेरून आलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिल्बाओच्या डोंगरांतलं लोहखनिज ब्रिटनला जायचं आणि बोटींबरोबर इंग्रज खलाशी, खाणकामगार, तंत्रज्ञ इकडे यायचे. त्यांनी खाडीकाठी बॉल लाथाडायला सुरुवात केली. इंग्लंडात शिकून आलेल्या बिल्बाओच्या श्रीमंत पोरांनी तो खेळ उचलला. १८९८ मध्ये क्लब उभा राहिला, तो 'अॅथलेटिक' हे इंग्रजी वळणाचं नाव घेऊन. सुरुवातीची जर्सी होती निळी-पांढरी, ब्लॅकबर्न या इंग्रज क्लबच्या धर्तीवर. १९०९ मध्ये हुआन एलोर्दुय नावाचा सभासद इंग्लंडला गेला होता. नव्या जर्सी आणायचं काम त्याच्याकडे होतं. निळ्या-पांढऱ्या पुरेशा मिळेनात आणि परतीची बोट तर निघायला आलेली. त्याने साउदॅम्प्टनमध्ये तिथल्या संघाच्या लाल-पांढऱ्या पन्नास जर्सी उचलल्या. शहराच्या झेंड्यातही लाल-पांढरा रंग होताच, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. आज बाळाच्या दुपट्यापासून म्हाताऱ्याच्या मफलरपर्यंत जे रंग या शहराने अंगावर घेतले आहेत, ते असे घाईत केलेल्या खरेदीतून आले. आणि माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी १९०३ मध्ये याच क्लबची शाखा काढली. तीच पुढे अॅत्लेतिको माद्रिद झाली. त्यांचेही पट्टे तेच.

आधी संघात इंग्रजही खेळत. १९११ च्या चषकस्पर्धेत त्यांच्यावरून वाद झाला, तक्रारी झाल्या, आणि त्यानंतर क्लबने परदेशी खेळवणं बंद केलं. म्हणजे ज्याला आज तत्त्वज्ञान म्हणतात, त्याच्या मुळाशी एक भांडण आहे. मला हे कमीपणाचं वाटत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मानाच्या परंपरांचा उगम शोधत गेलं, तर असलंच काहीतरी हाती लागेल.

मैदानाचं नाव सान मामेस. जवळच या संताच्या नावाची धर्मशाळा होती. रोमनांनी या संताला सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी त्याला खाल्लं नाही, अशी आख्यायिका. म्हणून खेळाडू झाले 'सिंह' आणि मैदान झालं 'कॅथेड्रल'. १९१३ मध्ये ते बांधलं तेव्हा तिथला पहिला गोल मारला पिचिची या टोपणनावाच्या खेळाडूने. तो १९२२ मध्ये, तिशीच्या आत, तापाने गेला. त्याचा अर्धपुतळा मैदानात आहे, आणि जो संघ सान मामेसला पहिल्यांदा खेळायला येतो त्याचा कर्णधार सामन्याआधी त्या पुतळ्याजवळ फुलं ठेवतो. ही प्रथा जवळपास शतकभर चालू आहे. पाहुण्याने घरच्या दैवताला आधी नमस्कार करावा, तसं. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा पुरस्कारही पिचिचीच्याच नावाने ओळखला जातो.

२०१३ मध्ये शेजारीच नवं स्टेडियम उभं राहिलं, त्रेपन्न हजार लोकांचं. तेही शहराच्या पोटातच. लिसेन्सियादो पोसा नावाचा रस्ता थेट त्याच्या तोंडाशी जातो आणि सामन्याच्या दिवशी त्या रस्त्यावरच्या बारमधून निघालेली गर्दी पाचदहा मिनिटांत आपापल्या खुर्चीवर पोचते. शहराबाहेर, हायवेलगत वाहनतळांच्या समुद्रात उभ्या केलेल्या आधुनिक स्टेडियमांशी तुलना केली की यातलं महत्त्व कळतं.

पण क्लब आणि शहर एकमेकांत असे विरघळले ते दडपणाच्या काळात. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ च्या जूनमध्ये बिल्बाओ हुकूमशहा फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडलं. त्याआधीच अॅथलेटिकचे बरेच खेळाडू बास्क संघातून परदेशात सामने खेळायला बाहेर पडले होते, त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. फ्रँकोच्या राज्यात सार्वजनिक जीवनातून बास्क भाषा हद्दपार झाली. परदेशी नावंही चालेनात, म्हणून १९४१ मध्ये क्लबचं 'अॅत्लेतिको दे बिल्बाओ' असं स्पॅनिशीकरण झालं. जुनं नाव मिळायला १९७२ उजाडावं लागलं. या काळात भाषा बोलायची चोरी, झेंडा लावायची चोरी. मैदानात जाऊन ओरडायची मात्र मोकळीक होती.

१९५८ चा चषकाचा अंतिम सामना या दृष्टीने फार गोड आहे. समोर रेआल माद्रिद, नुकताच सलग तिसऱ्यांदा युरोपचा विजेता झालेला, दि स्तेफानोसारखा खेळाडू त्यांच्याकडे, आणि सामना त्यांच्याच मैदानावर. बिल्बाओचा संघ २-० असा जिंकला. तेव्हापासून त्या संघाला 'अकरा खेडूत' म्हणतात. हिणवायचा शब्द पदकासारखा छातीवर लावायची ही रीत.

मग ५ डिसेंबर १९७६. फ्रँको जाऊन वर्ष झालं होतं, पण हिरवा-पांढरा-लाल बास्क झेंडा, इकुरिन्या, अजून बेकायदा होता. सान सेबास्तियनच्या आतोचा मैदानावर रेआल सोसिएदाद विरुद्ध अॅथलेटिक. एका खेळाडूच्या बहिणीने घरी झेंडा शिवला, तो पोलिसांची नजर चुकवून आत नेला गेला, आणि सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधार, बिल्बाओचा गोलरक्षक इरिबार आणि सोसिएदादचा कोर्ताबारिया, तो दोन टोकांना धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत आले. एरवी एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले दोन संघ. पुढच्याच महिन्यात झेंडा कायदेशीर झाला. सामना सोसिएदादने ५-० असा जिंकला होता. बिल्बाओत हा दिवस अभिमानाने सांगितला जातो, धावफलक सहसा सांगितला जात नाही.

१९८३-८४ च्या गाबारेला असाच संदर्भ आहे. शहराची तेव्हा दशा झाली होती. पोलाद आणि जहाजबांधणी, दोन्ही धंदे बसत चाललेले. ऑगस्ट १९८३ मध्ये महापुराने जुनं शहर बुडवलं. एउस्काल्दुना गोदीचे कामगार नोकऱ्या वाचवायला १९८४ मध्ये रस्त्यावर पोलिसांशी भिडत होते. त्या दोन वर्षांत क्लबने लागोपाठ दोन लीग आणि एक चषक जिंकला, आणि मिरवणूक काढली ती ज्या खाडीने शहराला पोसलं त्या खाडीतून, ज्या बार्जवर माल वाहिला त्या बार्जवर. २०२४ मध्ये तीच बार्ज गुगेनहाइम संग्रहालयाच्या चकचकीत टायटॅनियमच्या भिंतींसमोरून गेली. १९८४ मध्ये तिथे हे संग्रहालय नव्हतं. कारखान्यांचं शहर पर्यटकांचं झालं. पोलादाच्या भट्ट्या गेल्या, क्लब राहिला.

आता जरा व्यवहाराकडे. असा क्लब चालतो कसा? पहिली गोष्ट, त्याला शेठ नाही. १९९० च्या क्रीडा कायद्याने स्पेनमधल्या व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हायला लावलं, सूट मिळाली ती चौघांनाच, त्यातला हा एक. चाळीस हजारांहून अधिक सभासद मालक आहेत आणि मतदानाने अध्यक्ष निवडतात. दुसरी गोष्ट, लेसामा. शहराजवळच्या या खेड्यात १९७१ पासून क्लबचं प्रशिक्षण केंद्र आहे. लहान पोरं तिथे येतात आणि त्यातली थोडी पुढे सान मामेसवर पोचतात. तिसरी गोष्ट पैशाची. इथला खेळाडू दुसऱ्या क्लबला हवा असेल तर करारातली पूर्ण रक्कम टेबलावर ठेवावी लागते, कारण पर्यायी माणूस बाजारातून आणायची सोयच क्लबला नाही. २०१८ मध्ये गोलरक्षक केपासाठी चेल्सीने ८ कोटी युरो मोजले. आलेल्या पैशांत दुसरा क्लब परदेशी खेळाडू आणेल. हे काय आणणार? बऱ्याचदा पैसा हाती आणि माणूस मिळत नाही, अशी यांची अवस्था.

म्हणूनच शेजाऱ्यांना हे तत्त्वज्ञान तितकं गोड लागत नाही. १९९५ मध्ये सतरा वर्षांचा होसेबा एचेबेरिया अॅथलेटिकने सोसिएदादकडून मोठी किंमत देऊन उचलला आणि दोन्ही क्लबांचे संबंध पार बिघडले. आपल्या शेतात कमी पडलं की शेजाऱ्याचं कणीस तोडतात, ही तक्रार बास्क प्रदेशात जुनी आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. सोसिएदादने स्वतः हा रिवाज १९८९ मध्ये सोडला, आयर्लंडकडून खेळणारा जॉन ऑल्ड्रिज घेऊन. याच एचेबेरियाची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. पंधरा वर्षं खेळल्यावर कारकिर्दीचा शेवटचा २००९-१० चा हंगाम तो अॅथलेटिकसाठी एक पैसा न घेता खेळला.

खरा पेच वेगळाच आहे: बास्क कोण? आपल्याकडे 'भूमिपुत्र' हा शब्द राजकारणाने इतका वापरलाय, की त्यात भूमी किती आणि पुत्र किती, हे कुणी विचारत नाही. बिल्बाओला ते दर हंगामात विचारावं लागतं, कारण तिथे उत्तरावर सही होते. क्लबची आजची व्याख्या दुहेरी आहे. सात प्रांतांत जन्मलेला, किंवा तिथल्या कुठल्यातरी क्लबच्या तालमीत घडलेला. १९९६ मध्ये लिझाराझू आला, फ्रान्सच्या बाजूचा पहिला बास्क. पुढे आयमेरिक लापोर्त आला. त्याचं जन्मगाव बास्क प्रदेशाबाहेरचं, पण पणजोबा-पणजीच्या पिढीत बास्क धागा होता, आणि आधी त्याला फ्रेंच बास्क भागातल्या बायोनमध्ये खेळायला ठेवून नियमात बसवलं गेलं. २०१८ मध्ये ख्रिस्तियान गानेआ आला. तो रुमानियात जन्मला, रुमानियाकडून खेळला, पण वाढला बास्क प्रदेशात. लवचीकपणाला सोय म्हणायचं की समज, हे तुमच्या स्वभावावर. मला दोन्ही दिसतं.

आणि मग विल्यम्स भाऊ. त्यांचे आईवडील घानाचे. सहारा वाळवंटाचा मोठा पल्ला त्यांनी पायी, अनवाणी तुडवला, आफ्रिकेतल्या मेलिया या स्पॅनिश शहराचं कुंपण ओलांडलं आणि स्पेनमध्ये पोचले. बिल्बाओत त्यांना एका धर्मगुरूंनी आधार दिला. त्यांचं नाव इन्याकी. १९९४ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव आईवडिलांनी तेच ठेवलं. कुटुंब पाम्पलोनात वाढलं, वडील कामासाठी काही वर्षं लंडनला गेले, धाकट्या निकोला सांभाळायची जबाबदारी थोरल्यावर पडली. इन्याकी लेसामात घडला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये अॅथलेटिकसाठी गोल करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. क्लबची स्थापना होऊन तेव्हा ११७ वर्षं झाली होती. तो आकडा शांतपणे वाचण्यासारखा आहे. त्याच्याआधी, २०११ मध्ये, होनास रामाल्यो खेळला होता. त्याची आई बास्क, वडील अंगोलाचे.

एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३, लीगचे २५१ सामने इन्याकी एकही न चुकता खेळला. त्यातला काही काळ तळपायात काचेचा तुकडा रुतलेला होता. तो घानाकडून आंतरराष्ट्रीय सामने खेळतो, निको स्पेनकडून. २०२४ च्या जानेवारीत इन्याकी आफ्रिकी चषक खेळून परतला आणि लगेच कोपा देल रेमध्ये बार्सिलोनाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला. जादा वेळेत दोघा भावांनी एकेक गोल केला आणि सामना ४-२ असा काढला. तोच चषक पुढे गाबारेवर चढला. 'रक्त' या निकषावर क्लब चालला असता, तर दोघेही बाहेरच राहिले असते. आणि आज शहरातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, जर्सीच्या पाठीवर कुणाचं नाव हवं म्हणून.

महिला संघ २००२ मध्ये सुरू झाला, रिवाज तोच. ३० जानेवारी २०१९ ला चषकाच्या सामन्याला सान मामेसमध्ये ४८,१२१ प्रेक्षक आले. 

हे सगळं हरण्याच्या काठावरही तपासलं गेलंय. २००६-०७ च्या हंगामात क्लब शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. लेव्हान्तेला २-० असं हरवून कसाबसा वाचला. जिंकणं एवढंच हवं असतं, तर तो रिवाज मोडायचा क्षण होता. मोडला नाही. मैदानावर चुकणारा पोरगा शेजारच्या गावचा असतो, त्याच्या मामाला तुम्ही ओळखत असता. त्याच्यावर चिडता येतं. पण उद्या त्याला विकून दुसरा आणू, असं मनात येत नाही.

चिडणं मात्र खरं असतं. २०२५ च्या उन्हाळ्यात निको बार्सिलोनाला जाणार अशी बातमी पसरली. बिल्बाओ परिसरातल्या एका भिंतीवर दोघा भावांचं मोठं चित्र आहे. रात्रीतून कुणीतरी त्यातला निकोचा चेहरा रंग फासून विद्रूप केला. ४ जुलैला क्लबने एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात एक पोरगा भिंतीशी जातो, स्प्रेचा डबा हलवतो आणि लिहितो २०३५. करार कुठपर्यंत वाढवला, ते साल. लिहिणारा निकोच होता.